ओला, सुका आणि दाबलेला

आमचं गाव केज तालुक्यातलं. नाव मुद्दाम सांगत नाही. गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून शिकून गेलेली आहेत, आणि आपल्या मुख्याध्यापिकेची फजिती त्यांनी छापील अक्षरांत वाचावी अशी माझी इच्छा नाही. उरलेली निम्मी वाचतच नाहीत, त्यांची काळजी नाही.

फजितीचं कारण, कचरा दाबायचं यंत्र. दिसायला फ्रिजच्या धाकट्या भावासारखं. पुढं एक खोल खण असतो. त्यात कचरा टाकायचा, खण लावायचा, बटण फिरवायचं. वरून लोखंडी पाटा खाली येतो आणि पोतंभर कचऱ्याचा तेलाच्या डब्याएवढा गठ्ठा करून देतो. हैदराबादला भाचीच्या फ्लॅटमध्ये ते चालताना मी पाहिलं आणि त्या क्षणी आमच्या शिक्षक कॉलनीचा प्रश्न सुटला असं मला वाटलं.

प्रश्न असा की कॉलनीच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे. दोन भावांच्या वादात तो पडून आहे आणि सगळी कॉलनी त्यात कचरा टाकते. घंटागाडी येते, नाही असं नाही. पण तिला ओला कचरा वेगळा लागतो आणि सुका वेगळा. कॉलनीत राहणारे सगळे निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी. जन्मभर दुसऱ्यांकडून वर्गवारी करून घेतलेली माणसं. स्वतः कोण करणार? मी त्या प्लॉटवर स्वतःच्या हस्ताक्षरात पाटी लावली होती, ‘येथे कचरा टाकू नये’. लोक पाटीच्या डाव्या बाजूला टाकू लागले.

तेव्हा मी यंत्र मागवलं आणि ते येण्याआधीच कॉलनीच्या बैठकीत जाहीर करून टाकलं: रविवारी सकाळी प्रत्येक घरानं आपापला कचरा घेऊन माझ्याकडं यावं, प्रात्यक्षिक दाखवण्यात येईल.

एरवी गणपतीच्या वर्गणीला तीन-तीन फेऱ्या मारायला लावणारी घरं त्या रविवारी कचरा घेऊन वेळेवर हजर झाली. एका दिवसाचा आणा म्हटलं होतं. लोकांनी माळे साफ केले होते.

यंत्र आम्ही स्वयंपाकघराच्या मागं, भांडी घासायच्या जागेत बसवलं होतं. मी दोन शब्द बोलले. म्हणजे बरेच बोलले, पण शेवटी बटण फिरवलं. काही झालं नाही. सगळे शांत उभे होते. तात्याबा नावाचे आमचे निवृत्त तलाठी पुढं झाले, कान लावला आणि मागं वळून लोकांना म्हणाले, “काम चालू हाय. आवाज लई कमी हाय याचा.”

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा बटण फिरवलं. पुन्हा तीच शांतता. मग टाळ्या आपोआप थांबल्या आणि लोक हळूहळू चपला शोधू लागले. ‘कचरा परत न्या’ असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि ‘नेतो’ असं म्हणायला कोणाचीच. जाताना एक जण म्हणाले, “चालू झालं की आमचं आधी टाका, त्यात कोळंबीची टरफलं हायेत.” बीड जिल्ह्यात या माणसाला कोळंबी कुठं मिळाली, हा विचार त्या अवस्थेतही माझ्या डोक्यातून गेला नाही.

अशा रीतीनं सगळ्या कॉलनीचा कचरा एका व्हरांड्यात आला, आणि व्हरांडा माझा होता.

आमचे हे, म्हणजे सुंदरराव, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखान्यात ते टाइम ऑफिसला होते. कोण कधी आत आला आणि कधी बाहेर गेला एवढं बघायचं. पण सारी नोकरी बॉयलरचा आवाज ऐकण्यात गेल्यामुळं यंत्रं आपल्याला वचकून असतात असा त्यांचा समज आहे. त्यांनी बाह्या वर केल्या, प्लग काढला, त्याच्यावर फुंकर मारली आणि परत लावला.

“कारखान्यात निम्मे बिघाड फुंकरीनंच जायचे,” ते म्हणाले.

“उरलेले?”

“त्याला फिटर होते.”

मग वीज येते की नाही हे बघायला त्यांनी त्याच जागी मिक्सर लावला. वीज येत होती. मिक्सरमध्ये सकाळची शेंगदाण्याची चटणी होती आणि झाकण नव्हतं, त्यामुळं वीज चांगली जोरात येत असल्याचा पुरावा छतापर्यंत गेला. सुंदररावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “दोष आतला हाय.”

यंत्रासोबत एक पुस्तिका आली होती. तिच्यात मराठी नव्हती. हिंदी होती, पण ती हिंदी कोणत्याही हिंदी माणसानं लिहिलेली नव्हती. ‘यदि यंत्र प्रारंभ न हो तो सुनिश्चित करें कि यंत्र प्रारंभ किया गया है.’ हे वाक्य मी दोनदा मोठ्यानं वाचलं. मुलांना मी आयुष्यभर सांगत आले की पाठ समजला नाही तर पुन्हा वाचा. मुलांची मला पहिल्यांदाच दया आली.

पुस्तिकेच्या पाठीवर कंपनीचा फोन नंबर होता. फोन लावला की एक बाई आपला फोन किती महत्त्वाचा आहे हे सांगायची आणि मग बासरी लागायची. बासरी ऐकता ऐकता मी भाजी निवडली, भाकरीचं पीठ मळलं. शेवटी एक मुलगी बोलली. तिनं मॉडेल नंबर विचारला. नंबर यंत्राच्या पाठीवर आणि पाठ भिंतीला. सुंदररावांनी दाढीचा आरसा फटीत धरून नंबर वाचला, मी तो फोनवर सांगितला, आणि ती मुलगी म्हणाली, “मॅडम, ये नंबर तो उल्टा लग रहा है.” आरशातला होता, उलटाच असणार. तो मी कागदावर लिहून सुलटा करेपर्यंत पुन्हा बासरी लागली.

दुसऱ्यांदा लागला तेव्हा तिनं विचारलं, “मॅडम, ड्रॉवर ठीक से बंद किया है ना?”

आता सांगा. ज्या बाईनं सगळ्या तालुक्याला दार नीट लावायला शिकवलं, जिच्या शाळेत एक खिडकी कधी रात्री उघडी राहिली नाही, तिला हा प्रश्न. मी तिला शुद्ध हिंदीत सांगितलं की खण बंद आहे, तो मी बंद केला आहे, आणि मी बंद केलेली वस्तू बंद राहते. तिनं तक्रार नोंदवून घेतली. माणूस औरंगाबादहून येईल म्हणाली. मी म्हटलं, आता ते छत्रपती संभाजीनगर झालं. ती म्हणाली, “तो फिर वहाँ हमारा सर्विस सेंटर नहीं दिखा रहा, मॅडम.”

तोवर तात्याबांनी मनावर घेतलं होतं. तलाठी माणूस, कोणतीही गोष्ट चतुःसीमेशिवाय त्यांना समजत नाही. ते मागच्या दारात उभे राहिले, उत्तर कुठं, दक्षिण कुठं ते पाहिलं आणि म्हणाले, “बाई, याचं तोंड दक्षिणेला हाय. दक्षिणेला तोंड करून जेवतं का कोनी? हे तर कचरा खाणारं.”

मी विज्ञान शिकवलेली बाई. मी स्पष्ट सांगितलं की हा वेडेपणा आहे. मग आम्ही तिघांनी मिळून यंत्राचं तोंड पूर्वेला केलं. तशी वायर प्लगपर्यंत पोचेना. म्हणून परत दक्षिणेला केलं. या उठाठेवीत सुंदररावांच्या पायाच्या अंगठ्यावर यंत्राचा कोपरा आला, आणि पुढं आठवडाभर ते उत्तरेला तोंड करून बसायचे, कारण टेकवायला स्टूल तिकडंच होतं.

व्हरांड्यात आता वास सुटला होता. शिवाय नव्या पिशव्या येतच होत्या. लोकांची बिचाऱ्यांची माझ्यावर श्रद्धा. सकाळी दार उघडावं तर पायरीवर दोन पिशव्या, आणि त्यांतल्या एकीवर माझ्याच विद्यार्थ्याचं वळणदार अक्षर: ‘बाई, सवडीनं.’

शेवटी बजरंगला बोलावलं. बजरंग विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करतो. पाच गावांत त्याच्याशिवाय पाणी चढत नाही. तोही माझाच विद्यार्थी, त्यामुळं दारात उभा राहून “मे आय कम इन, बाई?” म्हणाला आणि मी ‘येस’ म्हणेपर्यंत हलला नाही. यंत्राभोवती फिरून त्यानं विचारलं, “किती फुटावर बसवलीय?”

“फुटावर नाही, बजरंग. फरशीवर.”

“पानी उतरलं असंल.”

“यात पाणी नाही.”

“मंग तेच तर म्हनतो मी. कोरडी फिरवली का मोटार जळतीय.” त्यानं झाकण उघडलं, दोन तारांना दिव्याची वायर लावली, दिवा लागला, त्यानं मान हलवली. झाकण लावलं. एक स्क्रू उरला तो त्यानं मला परत दिला, प्रामाणिकपणे, जसा शाळेत सापडलेली पेन्सिल आणून द्यायचा. म्हणाला, “बाई, मोटार चांगली हाय, लाईट चांगली हाय, बटनबी चांगलं हाय. तरीबी चालंना. याला काय म्हनावं मला कळंना. तुमी शिकवलं नवतं.”

जाताना त्यानं बटण ‘चालू’वरच ठेवलं. हे आम्हाला नंतर कळलं.

आमच्या शेजारच्या रतनबाईंबद्दल मी आतापर्यंत बोलले नाही, कारण आमचं बोलणं बंद होतं. रतनबाई शेतकरी घरातल्या. मुलांच्या शिक्षणासाठी कॉलनीत घर घेतलं, पण सोबत म्हैस आणली. म्हशीचं शेण त्या मागच्या प्लॉटवर टाकायच्या, आणि बैठकीत मी त्यावर फार सविस्तर बोलले होते. त्या फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, “बाई, माझ्या घरात कचराच न्हाई. उरलंसुरलं म्हैस खाती, शेनाचं खत व्हतंय. कचरा तुमच्याकडं हाय.” त्यांना मी प्रात्यक्षिकाचं आमंत्रण दिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी त्या स्वतःहून आल्या. पुढून यायला जागा नव्हती, म्हणून मागच्या दारानं आल्या. पदर नाकाला लावलेला.

“बाई, भांडायला आले न्हाई,” त्या म्हणाल्या. “पन म्हैस दूध देईना झाली. तुमच्या वासानं.”

“वास माझा नाही, रतनबाई. कॉलनीचा आहे.”

“कॉलनीचा असंल. पन येतोय तुमच्या घरातून.”

त्यांना बसा म्हणावं तर बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवरही पिशव्या होत्या. रतनबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांचं शरीर भरलेलं आहे. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि सुस्कारा टाकून यंत्राच्या पुढच्या बाजूला पाठ टेकली.

कुठंतरी खट्ट झालं. मग घरघर सुरू झाली.

रतनबाई हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “बाई, तुमचं मशीन माझ्या पाठीला कायतरी म्हनतंय.”

पाटा खाली येत होता. सुंदरराव लंगडत धावत आले. रतनबाई बाजूला झाल्या की यंत्र बंद पडायचं, टेकल्या की चालायचं. सगळा उलगडा तिथंच झाला. भांडी घासायच्या जागेची फरशी मोरीकडं उतरती. त्या उतारानं खण नखभर पुढं सरकायचा आणि खण नखभर जरी उघडा असला तरी हे यंत्र सुरू होत नाही, अशी त्याची रचना. फोनवरच्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती मुलगी कुठल्या शाळेत शिकली असेल, असं मला वाटून गेलं. आमच्या नव्हे.

सुंदररावांनी यंत्राच्या पुढच्या पायांखाली फरशीचे तुकडे सारले आणि ही कारखान्यातली आयडिया असल्याचं जाहीर केलं. तात्याबा आले, उतार पाहिला आणि म्हणाले, “उतार दक्षिणेलाच हाय. मी काय म्हनलं होतं?”

संध्याकाळपर्यंत यंत्र चाललं. व्हरांडा मोकळा झाला. तीन गठ्ठे तयार झाले, कडक, चौकोनी, रेखीव. मी त्यांचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. त्यावर फुलं आली, हात जोडलेले आले, कोणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली आणि मग काढून घेतली. मी त्या रात्री फार शांत झोपले.

सकाळी घंटागाडी आली. मी स्वतः एक गठ्ठा घेऊन फाटकाशी उभी राहिले. गाडीवाल्यानं गठ्ठा उलटापालटा करून बघितला.

“बाई, हे ओला हाय का सुका?”

“दाबलेला आहे.”

“दाबल्याचा कप्पा न्हाई. ओल्याचा हाय, सुक्याचा हाय.”

“दोन्ही आहे त्यात.”

“मंग दोन्हीत घेता येत न्हाई,” तो म्हणाला. बोलला अगदी अदबीनं. त्याला आठवीत मीच नियम पाळायला शिकवलं होतं.

मी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेले. टेबलावरच्या मुलानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि यादी काढली. “ओला, सुका, घातक आणि बांधकामाचा राडारोडा. बाई, तुमच्यासाठी राडारोड्यात बसवतो. फक्त कोणतं बांधकाम पाडलं त्याचा दाखला जोडा.” मी म्हटलं, काही पाडलं नाही. तो विचारात पडला. “मग थोडंसं पाडता येईल का, बाई? न्हानीघर, असं कायतरी?”

मी चहा न पिता उठले.

मागच्या प्लॉटवर टाकावं तर तिथं माझी पाटी. अंगणात पुरावं तर शेणामातीचा त्रास नको म्हणून सगळ्या अंगणाला मीच फरशी करून घेतलेली. रतनबाईंनी आपल्या खड्ड्यात घ्यायला साफ नकार दिला: “त्यात प्लास्टिक हाय. खत नासंल.” तेव्हा मी जन्मात कधी केला नाही असा विचार केला. गठ्ठा साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घातला, वर जुना टॉवेल टाकला, आणि तो कुठंतरी ‘विसरून’ यायचं ठरवलं.

पहिल्यांदा गावातल्या थांब्यावर विसरले. पन्नास पावलं गेले नसेन, तर चहावाला पिशवी घेऊन मागं धावत आला. “बाई, वय झालं आता, जपत जावा.”

दुसऱ्यांदा मी जीपनं नांदूरघाटला गेले. मैत्रिणीला भेटायला म्हणून. मैत्रीण तिथं आहे, पण तिची आणि माझी बोलाचाली नाही, म्हणून नुसती गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले. पिशवी जीपमध्ये सीटखाली सोडली होती. एसटीनं परत आले तर पिशवी माझ्या आधी घरी पोचलेली. सुंदरराव म्हणाले, “जीपवाला खास वाकडी वाट करून देऊन गेला. भाडं दिलं तर घेईना. म्हणाला, बाईंनी मला पाढे शिकवले.”

एवढे विद्यार्थी घडवू नयेत माणसानं.

तिसऱ्यांदा केजला गेलो, दोघंही. बसस्टँडवर गर्दी होती, कोणी ओळखीचं दिसत नव्हतं. बाकड्यावर बसलो, पिशवी पायाशी ठेवली आणि मी ठरवून दुसरीकडं बघत राहिले. फलाटावरच्या सगळ्या पाट्या वाचल्या, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या. खाली पाहिलं तर पिशवी नव्हती.

सुंदरराव म्हणाले, “चोरी झाली.”

“झाली ना?” मी म्हटलं.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्हाला एकाच गोष्टीचा एकाच वेळी इतका आनंद कधी झाला नव्हता. आम्ही भजी घेतली. सुंदररावांना तेलकट चालत नाही, पण मी काही बोलले नाही. दुसरी प्लेट सांगणार तेवढ्यात समोर खाकी गणवेशातली एक मुलगी उभी राहिली आणि वाकून नमस्कार केला.

“बाई, मी प्रियदर्शनी. दहावी ब. स्टँडवर ड्यूटी आहे माझी.” तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता. “तुमची पिशवी चोरणारा पकडलाय. चला, ओळख पटवून द्या.”

चौकीत बाकड्यावर एक मध्यमवयीन माणूस बसला होता. सटवा त्याचं नाव. धंद्यात जुना असावा. बसण्यात एक सवय होती. टेबलावर पिशवी. पिशवी उघडलेली होती, टॉवेल बाजूला, आणि खोलीतले सगळे जण खिडकीजवळ उभे होते.

“बाई,” प्रियदर्शनी म्हणाली, “ही तुमचीच ना?”

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. ही मुलगी माझ्या परिपाठाला रोज पहिल्या रांगेत उभी राहायची. तिच्यादेखत मी म्हणाले, “नाही. माझी नाही.”

सटवा ताडकन उठला. “न्हाई कशी, बाई? तुमच्या पायापासून उचलली मी. साहेब, चोरी मला कबूल हाय. लिहून घ्या. पन पिशवी ह्यांचीच हाय.”

“तू गप्प बस,” प्रियदर्शनी त्याला म्हणाली.

“गप्प कावून बसू? जड लागली म्हनून उचलली. भांडी असतील वाटलं. वेशीपर्यंत पळत गेलतो, पाठीत उसण भरली. उघडून बघतो तर हे. माझीच तक्रार लिहून घ्या. शिकल्यासवरल्या मान्सानं असं कोनाला फसवावं का?”

प्रियदर्शनीनं माझ्याकडं पाहिलं. सुंदररावांनी छताकडं पाहिलं. चोराच्या बोलण्यात एकही खोटा शब्द नव्हता आणि माझ्या एका वाक्यात एकही खरा नव्हता, हे तिथं सगळ्यांना दिसत होतं.

“माझी आहे,” मी म्हटलं.

“काय आहे हे, बाई? लिहावं लागेल.”

“कचरा.”

तिनं पेन उचललं, थांबली, आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, “ओला की सुका?”

मला रडू येईल असं वाटलं. सटवाच पुढं झाला. “मिसळलेला हाय, ताई,” तो म्हणाला. “मी हात घातलाय त्यात.”

त्याला त्यांनी समज देऊन सोडलं. मलाही दिली, पण माझ्या समजेला त्यांनी ‘विनंती’ म्हटलं. प्रियदर्शनी पिशवी बसपर्यंत पोचवायला आली. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी होती. मी परत विसरू नये म्हणून, असं मला वाटतं. काळजीनंच. कशाची, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिन्ही गठ्ठे मागच्या दारात मांडले. सुंदररावांच्या हातात हातोडी, माझ्या हातात उलथनं. पण ते यंत्र फार चांगलं आहे. आम्ही अर्धा तास ठोकलं तरी एका गठ्ठ्याचा कोपरासुद्धा सुटला नाही. भिंतीपलीकडून रतनबाई बघत होत्या. त्या आत गेल्या, दोन खुरपी घेऊन आल्या आणि फतकल मारून बसल्या.

“उलथनं धरू नका तसं,” त्या म्हणाल्या. “निंदायला बसल्यावानी बसा. तन उपटायचं अन् पीक ठेवायचं. हे प्लास्टिक तन.”

आम्ही निंदायला बसलो. गठ्ठ्यातून थराथरानं कॉलनी निघत होती. माळकरी तात्याबांच्या पिशवीतून अंड्याची टरफलं निघाली. साखर सोडलेल्या गुरुजींकडून पेढ्यांचे तीन पुडे. घरचं म्हणून लोणचं वाटणाऱ्या एका घरातून दुकानच्या लोणच्याची झाकणं. रतनबाई प्रत्येक वस्तू हातात घेऊन क्षणभर बघायच्या आणि न बोलता बादलीत टाकायच्या. एकदाच म्हणाल्या, “मानसं चांगली हायत आपल्या कॉलनीतली. पोटात ठेवतात सगळं.” त्यांच्या घरचं त्यात काहीच नव्हतं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

दिवस मावळायच्या आत दोन रांगा तयार झाल्या, हिरव्या बादल्यांची आणि निळ्या बादल्यांची. माझी पाठ वर होईना. पण इतकी नेमकी वर्गवारी मी शाळेच्या निकालपत्रातही कधी केली नव्हती. दहा बादल्या भरल्या.

सकाळी घंटागाडीचा आवाज आला. यावेळी गाडी नवी होती, मोठी, मागच्या बाजूला लोखंडी जबडा असलेली. मी, सुंदरराव आणि रतनबाई फाटकाशी बादल्यांसोबत उभे राहिलो. गाडीवाल्यानं हिरव्या बादल्या पाहिल्या, निळ्या पाहिल्या, हात घालून तपासल्या. एक चुकीचं साल त्यानं उचलून हिरव्या बादलीत टाकलं.

“एक नंबर, बाई,” तो म्हणाला. “असं सगळ्यांनी केलं पायजे.”

मग त्यानं हिरवी बादली जबड्यात ओतली. तिच्यावर निळी ओतली. पुन्हा हिरवी, पुन्हा निळी. दहाही बादल्या झाल्यावर त्यानं बाजूचा दांडा ओढला. वरून लोखंडी पाटा खाली आला, आत काहीतरी करकरलं, आणि सगळ्याचा मिळून एक कडक, चौकोनी, रेखीव गठ्ठा आतल्या बाजूला सरकला.

मी रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या. रतनबाई म्हशीला पाणी दाखवायला निघून गेल्या. सुंदरराव गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत होते.

“आपलं यापेक्षा कमी आवाज करतं,” ते म्हणाले.